ढोबळेकाकांची खरोष्ठी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या ढोबळेकाकांच्या दारावर पाटी आहे, पण ती कोणालाच वाचता येत नाही. ती खरोष्ठीत आहे. ही लिपी उजवीकडून डावीकडे लिहीत आणि लिहिणारे लोक दीडेक हजार वर्षांपूर्वीच संपले. त्यामुळे कुरियरवाला काकांच्या दारात उभा राहून मला फोन करतो. काका पाटी बदलत नाहीत. "ज्याले वाचायचं हाय, तो शिकंन," म्हणतात.

काका मूळचे खाप्याचे. मोजणी खात्यात जन्मभर शेतांचे नकाशे काढले आणि दोन वर्षांपूर्वी एकदम हे खूळ घेतलं. गांधारातल्या बौद्ध भिक्खूंनी भूर्जपत्रांवर पोथ्या लिहिल्या. त्यातल्या काही मडक्यांत सापडल्या, पण हात लावला की त्यांचा चुरा होतो. तुकडे जुळवून वाचावं लागतं. हे कळल्यापासून काका सरावासाठी पापड मोडतात. एकदा मी जेवायला होतो, तर माझ्याच ताटातला पापड चुरला आणि जुळेपर्यंत हात लावू दिला नाही.

"थांब गा, मंधातला तुकडा गहाळ हाय."

तो मी खाल्ला होता.

मागच्या उन्हाळ्यात सोसायटीची पाण्याची टाकी गळायला लागली. काकांनी सेक्रेटरींकडे खरोष्ठीत तक्रार दिली. सेक्रेटरींनी ती मीटिंगमध्ये काकांनाच वाचायला लावली. काकांनी कागद उजेडात धरला आणि आपलंच अक्षर त्यांना लागेना. "इथं 'टाकी' असावं," ते गंभीरपणे म्हणाले, "पण 'काकी' बी वाचता येते." त्या हिशेबानं काकी आठ दिवसांपासून गळत होती आणि तिला वरून सिमेंट लावणं गरजेचं होतं. सेक्रेटरींच्या बायकोला सगळी बिल्डिंग काकी म्हणते. त्या समोरच बसल्या होत्या. महिनाभर काकांशी बोलल्या नाहीत.

परवा सकाळी मी नरखेडहून आलेली संत्री द्यायला गेलो. दार उघडंच होतं. आत ढोबळेकाकू पलंगावर बसल्या होत्या. काकू पस्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली, अक्षरओळखही पुसली. तेव्हापासून कोणासमोर येत नाहीत. मांडीवर वही घेऊन डाव्या हातानं त्या खरोष्ठीचं एक अक्षर गिरवत होत्या. शेजारी काका तेच गिरवत होते. काकूंनी त्यांच्या वहीवर बोट ठेवून मान हलवली. चुकलं होतं. काकांनी निमूट खोडलं.

ते दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा मी विचारलं, मराठीच का नाही गिरवत?

काकांनी आवाज खाली केला. "डॉक्टरनं तेच सांगतलं होतं. म्या अंकलिपी आणली, त तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिनं लेकरायले जे शिकवलं, ते आता म्या तिले शिकवू? मंग म्या अशी लिपी धुंडली, जे मलेबी येत नाही."

आतून पलंगावर हात आपटल्याचा आवाज आला.

"जातो गा," काका वळले. "मास्तरीण बोलावून राहिली."