सोबतच्या माणसाचा ताप

केज तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यात आजारी बाईला घेऊन कुणी आलं, की कौसल्या सिस्टर आधी त्या सोबतच्या माणसाच्या तोंडात थर्मामीटर खुपसतात. माणूस ठणठणीत असला तरी. थर्मामीटर काचेचाच हवा. डिजिटल लवकर वाजतो, तेवढ्यात बाईला आपलं नावसुद्धा सांगून होत नाही.

मी औषधांच्या खिडकीत बसतो, त्यामुळं हा तमाशा मला रोज फुकट बघायला मिळतो. आमच्याकडची रीतच अशी, की पोट दुखतं सुनेचं आणि कण्हून दाखवते सासू. नवरा असला तर बघायलाच नको. बायकोच्या कळा तिच्याआधी त्याला ठाऊक. सिस्टरांना हे अजिबात खपत नाही. "दुखतंय कुणाचं? मग बोलायचं कुणी?" हे त्यांचं पालुपद.

एकदा ऊसतोडीचा मुकादम टोळीतल्या एका बाईला घेऊन आला. गाडी दारात चालूच. "काय न्हाई, थकवा हाय. गोळ्या द्या, आमाला निघायचंय."

सिस्टरांनी थर्मामीटर झटकला. मुकादम भडकला. "माझा ताप कावून बघता? मी कोन हाय माहीत हाय का?"

"ताप बघितल्यावर कळंल. जिभंखाली धरा. बोललात तर काच फुटंल."

मुकादम ओठ आवळून बसला. बाई तरी बोलेना. तोंड बंद झालं तरी त्याचे कान उघडेच होते. मग सिस्टरांनी त्याला थर्मामीटरसकट बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. तेव्हा कुठं ती हळूच म्हणाली, "लघवीला लई जळजळतंय, सिस्टर."

डॉक्टरही सुटत नाहीत. ते नवे होते तेव्हा सवयीनं नवऱ्यालाच विचारायचे. सिस्टर त्यांचं फिरतं स्टूल बाईकडं वळवायच्या. "सर, पेशंट हिकडं हाय." आता डॉक्टर आपले आपणच वळतात.

यंदा सिस्टरांच्या आईला अर्धांगवायू झाला. आमच्याच दवाखान्यात ठेवलं होतं. जीभ जड झाली, एकेक शब्द ओढून काढावा लागे. सिस्टरांनी लग्न केलेलं नाही, क्वार्टरमध्ये एकट्याच राहतात. आईला उतार पडला तशी त्यांनी घरात खाट मांडली, नवी गोधडी आणली. मला दोनदा नेऊन दाखवली.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आता कुठं जाणार?"

"माझ्याकडं," सिस्टर म्हणाल्या.

"झोप लागते का, आजी?"

"लागती की," पुन्हा सिस्टरच.

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी आजींसाठी आणलेल्या गोळ्यांच्या पाकिटाकडं. म्हातारीचे ओठ नुसतेच हलत होते. ते सिस्टरांना दिसलं. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बोल, आई. आमी थांबतो."

आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो.

"नांदूर... घाट," म्हातारी म्हणाली. तिथं सिस्टरांचा भाऊ राहतो. "तितं... बाया येत्यात... बसाया. तुज्याकडं... दिसभर... भिंती."

सिस्टरांचे डोळे भरून आले. "बरं," त्या म्हणाल्या. "उद्या जीप बघते."

आईला सोडून आल्या त्या दुपारी सिस्टर डबा घेऊन माझ्या खिडकीपाशी बसल्या. "घरात एकटीला घास उतरंना, भाऊ."

मला वाईट वाटलं. म्हणालो, "जरा गळ घातली असती तर राहिल्या असत्या की आई."

"राह्यली असती," सिस्टर म्हणाल्या. "न्हाई म्हनायला तिला आता लई वेळ लागतो. म्हनूनच गळ न्हाई घातली."