सातव्या प्रकरणातल्या कोंबड्या

रविवारच्या पुरवणीत आपल्या पुस्तकाचं परीक्षण आलंय म्हटल्यावर मास्तरांनी आधी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मगच पेपर उघडला. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यांनी डायनोसॉरवरच्या या एका पुस्तकात घातली होती, तीही साध्यासुध्या वाचकासाठी. ते कुणीतरी खरोखर वाचावं, एवढीच त्यांची आस होती. खप वगैरे गोष्टी त्यांनी केव्हाच सोडून दिल्या होत्या.

परीक्षणाची सुरुवात गोड होती. सहा प्रकरणं लेखक आपल्याला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जगात फिरवतो, पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज हेही छान पटवतो, वगैरे. मास्तर खुशीत आले. पुढे लिहिलं होतं, 'सातव्या प्रकरणात मात्र लेखक एकदम खुराड्यात शिरतो आणि तळाशी भुसा किती जाड पसरावा ते सांगू लागतो. हा विनोद असेल, तर तो फार लांबला आहे.'

मास्तरांचा पारा चढला. सातवं प्रकरण म्हणजे पुस्तकाचा प्राण. त्यात कोंबड्या कुठून आल्या? परीक्षण लिहिणाऱ्या बाईंनी पुस्तक उघडलेलंच नाही, हे उघड होतं.

मेव्हणा धावत आला. त्याने म्हणे पुस्तक एका बैठकीत संपवलं होतं. "भाऊजी, कोंबडीचं एक पीस नाही हो त्यात," तो छातीठोकपणे म्हणाला. शेजारच्या डॉक्टरांनीही दुजोरा दिला. सातवं प्रकरण वाचताना तर त्यांचे डोळे भरून आले होते. एवढे दोन साक्षीदार मिळाल्यावर मास्तरांना स्वतः खात्री करायची गरज वाटेना. प्रुफं तपासून तपासून ओळ न् ओळ पाठ झाली होती, आणि छापील पुस्तकात चूक सापडली तर काय, या धास्तीने त्यांची स्वतःची प्रत पहिल्या दिवसापासून काचेच्या कपाटात बंद होती.

सोमवारी तिघं पेपरच्या कचेरीत थडकले. मेव्हणा आणि डॉक्टर आपापली प्रत काखोटीला मारून आले होते. पुस्तकांच्या ढिगाऱ्याआड बसलेल्या परीक्षक बाईंनी तिघांना खुर्च्या दिल्या आणि मास्तरांचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी आपली प्रत पुढे सरकवली. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. सातव्या प्रकरणात खुराडं होतं, दाणापाणी होतं आणि अंडी कमी पडू लागल्यावर करायचे उपायही होते.

"पूर्ण वाचल्याशिवाय मी लिहीत नाही, सर," बाई म्हणाल्या. "माझीच प्रत खराब असेल कदाचित. यांच्या बघू या ना."

मेव्हण्याने पुस्तक छातीशी धरलं, पण बाईंनी ते हळूच काढून घेतलं. त्यातही कोंबड्या. डॉक्टरांच्या प्रतीत पानांच्या कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या सोडवल्या, तर आतही कोंबड्याच. डॉक्टरांना एकाएकी दवाखान्याची आठवण झाली. मेव्हणा छताचा पंखा न्याहाळत राहिला.

बाइंडरला फोन केल्यावर सगळा उलगडा झाला. कुक्कुटपालनाचं एक पुस्तक त्याच वेळी बांधायला आलं होतं आणि सोळा पानांचा एकेक गठ्ठा सगळ्याच प्रतींत इकडचा तिकडे गेला होता. म्हणजे कुठेतरी एखादा कोंबडीवाला भुसा पसरता पसरता आकाशातून कोसळलेल्या उल्केपाशी येऊन पोचला असणार. त्याचीही तक्रार आलेली नव्हती.

वाटेत मास्तरांना एकेक अभिनंदन आठवत गेलं. 'अप्रतिम.' 'खाली ठेववेना.' एवढ्या माणसांत पुस्तक वाचलं होतं ते टीका करणाऱ्या बाईंनी. मास्तरांना फार एकटं वाटलं.

घरी बायको खिडकीशी उसवलेली बाही शिवत बसली होती. पुस्तक तिलाच अर्पण केलेलं होतं. विचारावं की नको, असं करत मास्तरांनी विचारलं.

"वाचलं की," ती म्हणाली. "पहिली सहा प्रकरणं तुमच्याकडे बघून वाचली, नुसती नावंच नावं. सातवं मात्र दोनदा वाचलं. पिल्लांना थंडीत ऊब कशी द्यायची, किती मायेनं लिहिलंय हो. म्हटलं, आता कुठे हा माणूस माझ्याशी बोलायला लागला."

मास्तर खुर्चीत टेकले. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, आणि भलतंच बोलून गेले. वाळवंटात एक डायनोसॉर सापडलाय, म्हणाले. अंड्यांवर बसलेला, दोन्ही हात पसरून. वरून वाळू येत राहिली, तरी उठला नाही. तसाच सापडला.

बायकोची सुई थांबली. "अगं बाई," ती म्हणाली. "मग हे का नाही लिहिलंत?"

मास्तरांनी ते लिहिलं होतं. हरवलेल्या पानांतच होतं, 'अंडसंरक्षक वर्तनाचे जीवाश्मीय पुरावे' या मथळ्याखाली.

"राहून गेलं," ते म्हणाले.

"पुढच्या आवृत्तीत घाला. आत्ता सांगितलंत ना, अगदी तस्सं." तिने दोरा तोडला. "आणि कोंबड्या काढू नका हं."