देवबागचं भूत आणि तीन शोधयंत्रं

मी गंधार, सिंधुदुर्गातला एकमेव डिजिटल गुप्तहेर. दुसरा कुणी असलाच, तर तो इतका गुप्त आहे की मलाही सापडलेला नाही. माझी मामेबहीण चारुता माझी सहाय्यक आहे. विचार मी करते, असं ती म्हणते. पण तो तिचा अननुभव.

देवबागच्या सारिकाताई त्या दिवशी रडवेल्या होऊन आल्या. त्यांचं होमस्टे आहे.

"येतलो तो पाहुणो भुताची खोली मागता! म्हणतत, ब्लॉगवर वाचला. माझ्याकडे भूत नाय रे! आणि ह्या ऐकान माजो आचारी धोंडू घाबरलो, काम सोडून आरोंद्याक निघालो. दिवाळीच्या सुट्टीत रांदतलो कोण?"

"दादा, पाहुण्यांकाच विचारूया मां, खंय वाचल्यानी ता," चारुता म्हणाली.

"साक्षीदाराला प्रश्न विचारणं ही जुनी पद्धत," मी तिला समजावलं. "आपण साधनांची तुलना करू."

पहिलं साधन ब्लॉग शोधून देणारं संकेतस्थळ. मी 'भयकथा' हा विभाग निवडून 'देवबाग' टाकलं. त्याने देव वगळला आणि बाग ठेवली. शेणखतावरचे लेख धडाधड आले. गुन्हेगार माळी आहे, हे मी तिथेच ओळखलं. पण सारिकाताईंच्या अंगणात एक तुळस आणि दोन माड होते. माळी नव्हता.

दुसरं साधन फीड रीडर. आवडत्या ब्लॉगचा पत्ता द्यायचा, की नवा लेख आपोआप हजर. उत्तम सोय! फक्त मी तोच पत्ता शोधत होतो. तो मिळाला की हे यंत्र तो शोधायला मला नक्की मदत करणार होतं.

तिसरं साधन मात्र माझ्या तोडीचं. शब्द सांगून ठेवायचा, तो कुठेही छापून आला की फोन वाजतो. मी 'भूत' सांगितलं. फोन वाजला. बातमी होती: 'भजनी मंडळाचे भूतपूर्व अध्यक्ष भाई यांचा सत्कार.'

"सापडला!" मी ओरडलो.

भाई आपल्या घराच्या अंगणात जाळं विणत होते. मी त्यांच्यावर आरोप ठेवला. त्यांनी शांतपणे गाठ मारली.

"अरे, मी भूतपूर्व आसंय. भूत होवक अजून वेळ आसा."

परत आलो, तर चारुता सारिकाताईंच्या ओसरीवर एका पाहुण्याशेजारी बसलेली. तिने त्याला विचारलं होतं आणि त्याने फोन पुढे केला होता. इतकंच. लेख पाककृतींच्या विभागात होता. कुणा मास्तरांनी फोनला तोंडी सांगून तो टाइप करवला होता. चारुताने मोठ्याने वाचलं:

"'सारिकाताईंच्या खोलीत चक्क भूत! हे मी स्वतः अनुभवलं. पहाटे दारावर टकटक झाली. उघडलं तर समोर गरमागरम मऊ भूत! वर तुपाची धार, बाजूला लोणचं. मी दोनदा मागून घेतलं.'"

"तुम्ही पुढचं वाचलं नाहीत?" मी पाहुण्याला दरडावलं.

"पहिल्या ओळीलाच खोली बुक केली हो," तो ओशाळून म्हणाला.

सारिकाताई पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पिशवी घेऊन निघालेला धोंडू दारातच थिजला.

"म्हणजे मी माज्याच भाताक भियालंय?"

त्याने पिशवी खाली ठेवली आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन पातेलं आदळलं. चारुताने मास्तरांना निरोप धाडला, त्यांनी लगेच दोन्ही ठिकाणचा ऊकार काढून काना घातला. प्रकरण मी यशस्वीपणे सोडवलं.

पाहुण्याचं तोंड मात्र उतरलं होतं.

"म्हणजे इथे भूत नाहीच?"

"आसा मां," सारिकाताई डोळे पुसत उठल्या. "आंब्याचा लोणचा देऊ, की लिंबाचा?"