वाघजाईसमोर अठराशे सीसी

रविवारी सकाळी सव्वासहा वाजता दयानंद ढमाले यांची नवी मोटारसायकल वाघजाईच्या देवळासमोर पूजेला उभी राहिली, आणि पावणेसातला ती तिथून हलणार नाही हे स्पष्ट झालं.

तशी चूक कुणाचीच नव्हती. नव्या गाडीचं तोंड देवीकडे करायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी पुढे घेऊन ते चिरडायचं, हा वाडीचा रिवाज. ट्रॅक्टर, टेम्पो, स्कूटर सगळ्यांनी तो पाळला होता. फरक एवढाच, की त्यांना पुढे जाऊन मागे येता येत होतं. देवळाचं अंगण धरणाच्या बाजूला उतरतं. एका अंगाला दीपमाळ, दुसऱ्या अंगाला भिंत. वळायला जागा नाही. माऊली गुरवांनी लिंबू ठेवलं आणि म्हणाले, "घे पुढं." दयानंदने हातभर पुढे घेतली. लिंबू चिरडलं आणि पुढचं चाक पायरीलगतच्या, पावसाचं पाणी जाण्याच्या चारीत अलगद उतरून बसलं.

"आता घे मागं," माऊली म्हणाले.

दयानंदने दोन्ही पाय रोवून जोर लावला. गाडी साडेतीनशे किलोची, मागे चढ. गाडीने दखलही घेतली नाही.

"मागचा गिअर टाक की."

"हिला मागचा गिअर न्हाई, माऊली."

"मोडला?"

"नसतोच. वेगळा बसवून घ्यावा लागतो. सेल्समन म्हणाला, गरज पडत न्हाई."

सेल्समन खोटं बोलला नव्हता. तो सपाटीवर राहत होता.

माऊलींनी गाडीभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घातली. "किती म्हणालास इंजिन?"

"अठराशे सीसी."

"आन् तुझी जुनी?"

"शंभर."

"म्हंजी अठरा गाड्यांचं इंजिन, आन् मागं यायला माणसं लागत्यात."

दयानंदने घड्याळ पाहिलं. आठला टपरीवर पोचायचं होतं. त्या आठ वाजण्यासाठीच तर ही गाडी घेतली होती.

त्याची बायको जया जाऊन तीन वर्षं झाली होती. पिरंगुटच्या कारखान्यातून तो गेल्या वर्षी निवृत्त झाला. मुलगी अपेक्षा हिंजवडीला, म्हणजे जेमतेम तासाभराच्या वाटेवर. पण तिथून इकडे यायला तिला दिवाळी लागत असे. घरात फ्रीज सोडला तर आवाज करणारं काही उरलं नव्हतं. म्हणून तो रविवारी घाटाच्या रस्त्यावरच्या टपरीवर जाऊन बसायचा. तिथे पुण्याहून मोठ्या गाड्यांवाले यायचे. वीसेक माणसं, टेबलांवर हेल्मेटं, आणि सगळे एकाच वेळी बोलणारे. दयानंद आपली शंभर सीसीची गाडी लावून शेजारच्या टेबलावर बसे. चार महिन्यांत त्याच्याशी कुणी बोललं ते एकदाच: "काका, जरा सरकता का?" त्याच्या एक लक्षात आलं होतं. ही माणसं एकमेकांना आधी नाव विचारत नाहीत, इंजिन विचारतात. मग त्याने इंजिन घेतलं.

शोरूमने गटाचा म्होरक्या किशोर याचा नंबर दिला, त्याने ग्रुपमध्ये घेतलं, आणि शनिवारी मेसेज आला: "उद्या आठला टपरी. काका, वेळेवर या, आपण थांबत नाही." त्यातला 'आपण' हा शब्द दयानंदने तीन वेळा वाचला होता.

सात वाजता रिसॉर्टच्या गेटवरची ड्युटी संपवून भैरू घरी निघाला होता, त्याला माऊलींनी हाक मारली. एरवी हाकेसरशी दहा पोरं आली असती. पण रविवार म्हणजे रिसॉर्टचा गर्दीचा दिवस, सगळी तिकडे कामाला. भैरूने गाडी पाहिली, डोकं खाजवलं.

"मी मोबाइलवर बघितलंय. अशी गाडी आडवी पाडायची आन् जाग्यावर फिरवायची."

"कुणी फिरवली ती?" दयानंदने विचारलं.

"एकट्या बाईनं, फॉरेनच्या."

एकटी बाई करते म्हटल्यावर तिघा पुरुषांना मागे सरता येईना. त्यांनी गाडी हळूच कलती केली. पुढचं काम गाडीने स्वतःच केलं. ती दीपमाळेच्या बाजूला आडवी झाली, हार मातीला लागला, आरसा वाकला, आणि देवळाची वाट पुरती बंद झाली. फिरवायची सोडा, तिघांना ती उचलेनाही. माऊली तर अंतर्गळाचा पट्टा सावरत पायरीवरच बसले.

"ती बाई लई खमकी आसंल," भैरू म्हणाला.

आठला दहा मिनिटं कमी असताना दयानंदने किशोरला फोन लावला.

"किशोरजी, जरा अडचण आलीय. गाडी देवळापाशी अडकलीय. चौघं आलात तर पाच मिनिटांचं काम आहे."

"लोकेशन काय, काका?"

"टपरीच्या अलीकडं, खाली वाडीत. दोन किलोमीटर."

"रस्ता कसा आहे?"

"कच्चा. उताराचा."

"काका, असल्या रस्त्यावर आमच्या गाड्या नाही उतरवत आम्ही. आणि राग मानू नका, तुम्हीही उतरवायला नको होती."

"माझं घर हितंच आहे," दयानंद म्हणाला.

"मग नेक्स्ट संडे भेटू. टेक केअर."

काही वेळाने वरच्या रस्त्यावरून वीस इंजिनांचा आवाज आला, धरणाच्या पाण्यावर घुमला आणि घाटाकडे गेला.

"तुझे दोस्त?" माऊलींनी विचारलं.

"व्हय."

"थांबले न्हाईत."

"त्यांचं टायमिंग असतं," दयानंद म्हणाला आणि आरसा सरळ करू लागला. तो पुन्हा वाकला.

तेवढ्यात डोंगरावरच्या वस्तीतली पारू दोन जावांना घेऊन गवत कापायला चालली होती. खांद्यावर दोरखंड, हातात विळा. आडव्या गाडीपाशी ती थबकली.

"दादा, दूध किती देती?"

भैरू हसला. दयानंदलाही हसू आलं, ते त्याला स्वतःलाच अनोळखी वाटलं.

"बसलेल्या म्हशीला शिंगं धरून वढायची नसती," पारू म्हणाली. "पोटाखालनं घ्यायची. माऊली, पालखीखालच्या फळ्या कुटं हायेत? भैरू, तू मागं हो. दादा, तुमी हितं धरा. न्हाई, हितं. तुमचीच हाय न्हवं ती?"

तिने दोरखंड गाडीच्या सांगाड्यातून ओवला. चारीत फळी घातली, फळीवर गोणपाट अंथरलं. पहिल्या झटक्यात गाडी उभी राहिली. मग एकेक वीत मागे. प्रत्येक वितीला भैरू चाकाखाली दगड लावायचा, सगळे दम खायचे आणि माऊली पायरीवरून "आजून थोडी" म्हणायचे. साडेनऊला गाडी वरच्या सपाटीवर आली.

आता हात लावणाऱ्याला चहा पाजल्याशिवाय धाडायचं नाही, हाही वाडीचाच रिवाज. सगळे दयानंदच्या ओटीवर आले. तो आत गेला. रॅकवर एकच कप होता. बाकीचे फडताळात वर, जयाने वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. त्याने एकेक सोडवला, धुतला. साखरेशी मात्र तो अडला. एकट्याच्या चहाचं माप हाताला बसलं होतं. सहा जणांच्या चहाला किती टाकायची ते आठवेना.

"चा पानचट झालाय," पारूने घोट घेऊन सांगितलं आणि कप पुढे केला. "आजून द्या."

गप्पा गाडीवरच होत्या. भैरूचं म्हणणं, विकून टाकावी. माऊलींचं म्हणणं, देवीपुढं लिंबू चिरडलेली गाडी वर्षभर विकू नये.

"हिच्यावर गवताचा भारा बसतोय का?" पारूने विचारलं.

"न्हाई."

"मागं माणूस तरी?"

"एकट्याचीच शीट हाय."

पारूने गाडीकडे बघितलं, मग दयानंदकडे. "मंग येवढं इंजिन वढतंय तरी कुणाला?"

दयानंद कप गोळा करून आत गेला. त्याने पुन्हा चहा ठेवला. माणसं उठली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

बुधवारी अपेक्षाचा फोन आला. "बाबा, मला कळलं सगळं. मी शोरूमशी बोललेय. रिव्हर्स गिअर बसवून मिळतो. ऑर्डर करू ना?"

"नको."

"अहो, परत अडकली तर?"

"बघू की," दयानंद म्हणाला. त्या वेळी तो वाण्याकडे साखर घेत होता.

पुढच्या रविवारी सव्वासहाला माऊलींनी देवळाचं दार उघडलं, तर अठराशे सीसी देवीकडे तोंड करून उभी.

"आता कसली पूजा?"

"नवी पिशवी बसवली गाडीला."

"पिशवीची पूजा?"

"गाडीचाच भाग हाय तो."

माऊलींनी पिशवी चाचपून बघितली. "आन् पुढच्या रविवारी?"

"आरसा बदलायचाय."

माऊली आत गेले, लिंबू आणलं आणि चाकाखाली ठेवून म्हणाले, "घे पुढं." चाक चारीत उतरलं. भैरू ड्युटीवरून थेट इकडेच आला होता. आठ वाजता वरच्या रस्त्याने वीस इंजिनं गेली, तेव्हा दयानंद वस्तीच्या पायवाटेकडे बघत होता.

पारू खाली आली, ती गोणपाट घेऊनच. मागे दोन्ही जावा, आणि त्यांच्या मागे काठी टेकत एक म्हातारी.

"आज सासूबी आलीया," पारू म्हणाली. "म्हणती, मलाबी हात लावायचाय."

"लावू दे," दयानंद म्हणाला. "कप हायेत."