पप्पांचा सोमवार

बाईंनी कपिलच्या दप्तराला टाचणीने लावून धाडलेली चिठ्ठी बुद्धभूषणने एकदा वाचली, दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली, म्हणजे आपण का भडकलो आहोत ते घरात सगळ्यांना कळावं.

"'कपिल यास वार, महिने व ऋतू सांगता येत नाहीत. घरी तयारी करून घ्यावी. जुलैच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी दहा वाजता पालकांनी पाल्यासह भेटावे. प्रगती न दिसल्यास पाल्यास पुन्हा लहान गटात बसवले जाईल.' ऐकलं? पुन्हा लहान गटात! साडेचार वर्सांचं पोर, आन् त्याला मागं ढकलत्यात. कशापायी, तर ऋतूपायी!"

बुद्धभूषण कुपवाडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं लेथ मशीन चालवत होता. पंपाचे भाग तो असे कातायचा की केसाइतकाही फरक निघत नसे. फोरमन हंबीरराव नव्या माणसांना त्याचं काम दाखवायला आणत. अशा माणसाच्या पोरात बाईंनी खोट काढावी, हे त्याला काही केल्या गिळवेना.

"आवं, पण बाई म्हणत्यात ते खरंच हाय," शिलाई मशीनवरून मान वर न करता आम्रपाली म्हणाली. "त्याला येत न्हाई."

"न्हाई तर न्हाई! मला तरी कुठं येत हुतं? माझी जल्मतारीख एक जून. वर्गातल्या एकवीस पोरांची एक जूनच. गुर्जींनी बसल्या बैठकीला टाकली. आडलं का माझं काय? आये, मी कुठल्या महिन्यात झालो गं?"

आक्काताई दारात लसूण सोलत बसली होती. "तू शाळूच्या काढणीत झालास."

"म्हंजी महिना कुठला?"

"मला काय ठावं? माझ्या हातात इळा हुता, क्यालेंडर न्हवतं."

"बघ!" बुद्धभूषण बायकोकडे वळला. यातून नेमकं काय सिद्ध झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण बाईंच्या विरोधातला पुरावा म्हणून त्याने ते धरून ठेवलं. मग भिंतीवरचं पतसंस्थेचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि कपिलला समोर बसवलं.

दिवस सोमवारचा होता. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असे, त्यामुळे शिकवायला तोच दिवस हाताशी होता.

"हं. आज कुठला वार?"

"रविवार," कपिल म्हणाला.

"रविवार न्हवं. आज सोमवार."

"पण तुमी घरात हाय की."

"मग?"

"बाई म्हणल्या, रविवारी सुट्टी आसती. तुमाला सुट्टी हाय."

"माझी सुट्टी सोमवारी आसती. तू सकाळी शाळंत गेलतास का न्हाई?"

"गेलतो."

"मग आज रविवार कसा?"

कपिलने थोडा विचार केला. "माझा सोमवार. तुमचा रविवार."

शिलाई मशीन थांबलं. आम्रपालीने तोंडात धरलेल्या दोऱ्याचं निमित्त करून मान दुसरीकडे वळवली. बुद्धभूषणला हसू आलं नाही. कारखान्याने सुट्टी सोमवारी ठेवावी आणि बाईंनी पोरांना रविवारीच शिकवावं, म्हणजे कष्टकऱ्यांच्या पोरांनी शिकायचंच नाही की काय, असा त्याचा प्रश्न होता आणि तो त्याने पोटतिडकीने विचारलाही.

महिन्यांचंही तसंच झालं. कपिलला एप्रिल पक्का ठाऊक होता, कारण एप्रिलात जयंतीची मिरवणूक निघते. ऑक्टोबर ठाऊक होता, कारण ऑक्टोबरात आजी नागपूरला जाते. डिसेंबर ठाऊक होता, कारण सहा तारखेला आजी पांढरं लुगडं नेसून मेणबत्ती लावते. बाकीचे नऊ महिने त्याच्या लेखी नव्हतेच.

"मधल्या महिन्यात काय आसतं?" बापाने विचारलं.

"काय नसतं," पोर म्हणालं.

शेवटी ऋतू. बुद्धभूषणने आवाज मऊ केला. "उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. आता कुठला चालू हाय? आठव. जुलै महिना हाय."

कपिलने दाराबाहेर पाहिलं. रस्त्यावर धुरळा उडत होता, आणि शेजारणीने पत्र्यावर घातलेल्या सांडग्यांवर ऊन रणरणत होतं. "उन्हाळा."

"पावसाळा!"

"मग पाऊस कुठाय?"

बुद्धभूषणही बाहेर गेला आणि आभाळाकडे बघू लागला. त्या जुलैत सांगलीकडे चार थेंबांपलीकडे पाऊस झालाच नव्हता. आतापर्यंत त्याचा राग एकट्या बाईंवर होता. आता त्यात आभाळाचीही भर पडली.

"दावतो तुला पावसाळा," तो म्हणाला. "फुडच्या सोमवारी चल म्हाबळेश्वराला."

"पाऊस दावाय म्हाबळेसरला?" आक्काताई म्हणाली. "येडा का खुळा?"

पण बुद्धभूषण एकदा ठरवलं की ऐकणाऱ्यांतला नव्हता. पुढच्या सोमवारी पहाटेच बापलेक छत्री घेऊन एस.टी.त बसले. साताऱ्यापर्यंत उकाड्याने जीव नकोसा झाला. वाईच्या स्टँडवर दोघांनी मिसळ खाल्ली. गाडी पसरणीचा घाट चढली तशी खिडकीतून गार वारं घुसू लागलं आणि पाचगणीत तर धुक्याने समोरचं दुकान दिसेना. कपिलचे दात कडकड वाजायला लागले.

"पप्पा, हिवाळा आला!"

"गप बस. बाहेर डोकं काढू नगंस."

महाबळेश्वरला उतरल्यावर पहिल्या झोडप्यातच छत्री उलटी झाली. तिच्या काड्या सरळ करेपर्यंत दोघांच्या अंगावर कोरडा धागा उरला नाही. पुढचे दोन तास ते स्टँडच्या पत्र्याखाली उभे होते. वर पत्रा असा वाजत होता की शेजारच्या माणसाचंही ऐकू येऊ नये. त्या आवाजावर आवाज चढवून बुद्धभूषण ओरडला, "ह्यो पावसाळा! बघून घे! नीट बघ!"

कपिलने नीट बघितलं. परतीच्या गाडीत त्याने एवढंच विचारलं, "पप्पा, पावसाळा हितंच ऱ्हातो व्हय?"

पोराच्या तोंडचा प्रश्न बुद्धभूषणला फार गोड वाटला. "व्हय गड्या," तो म्हणाला, "लय दिवस ऱ्हातो."

दुसऱ्या दिवशी दोघेही शिंकत होते. आक्काताईने नातवाला जवळ घेऊन विचारलं, "बघितलास का पावसाळा? आता सांग बाईला, पावसाळा कवा येतो?"

"येत न्हाई," कपिल म्हणाला. "आपुन जायाचं. पावसाळा म्हाबळेश्वरात आसतो. हिवाळा पाचगणीत. उन्हाळा हितंच आसतो, त्याला गाडी लागत न्हाई."

बुद्धभूषणने कपाळावर हात मारला. दोन माणसांचा दिवस गेला, नाकं वाहायला लागली, आणि पोराने काळाचा नकाशा करून ठेवला! पुढचे चार दिवस तो कामावरून आल्यावर समजावत राहिला की ऋतू गावात नसतो, महिन्यात असतो. कपिल म्हणे, मी बघितलाय. पाहिलेल्या गोष्टीपुढे बापाचं काही चालेना.

शेवटी बुद्धभूषणने शिकवणं सोडलं आणि भाषणाची तयारी सुरू केली. सोमवारी बाईंना काय काय सुनवायचं ते तो लेथवर उभा राहून जुळवू लागला. 'बाई, चार वर्सांच्या पोराला ऋतू कशाला पायजेत? त्याला काय पेरणी करायचीया?' हे वाक्य त्याला फार आवडलं होतं. शनिवारी संध्याकाळी हंबीरराव मशीनपाशी येऊन काही सांगू लागले तेव्हाही तो त्याच वाक्याला धार लावत होता.

"उद्या डीपीचं काम हाय, लाईट न्हाई दिवसभर. तवा ह्या आठवड्याची सुट्टी उद्याच. सोमवारी यायचं. ऐकलंस का रं?"

"ऐकलं, ऐकलं," तो म्हणाला. त्यातला 'सुट्टी' एवढा एकच शब्द त्याच्या डोक्यात शिरला होता.

दुसऱ्या दिवशी तो आरामात उठला, घरात चहा प्याला आणि अकरा वर्षांच्या सवयीने तो दिवस त्याने सोमवार धरला. साडेनऊला अंघोळ करून बाहेर येतो तो काय, कपिल उघडाबंब बसून पाटीवर रेघोट्या मारत होता आणि त्याचा गणवेश बादलीत भिजत पडला होता.

"आगं, हे काय? आज बाईंनी बोलवलंय आन् ह्याचा गणवेश बादलीत?"

"आवं, आज कुठली शाळा—"

"कुठली म्हंजी? पोरगं मागं पडतंय, त्याची तुला फिकीर हाय का न्हाई?"

"आवं, पण मी काय म्हणते—"

"तू त्या बाईची बाजू घिऊ नगंस!"

आम्रपालीने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. तिने बादलीतला गणवेश काढून पिळला आणि मुकाट्याने त्याच्या हातात दिला.

ओला गणवेश घातलेल्या कपिलला लुनावर पुढ्यात उभा करून बुद्धभूषण निघाला. गल्लीतली पोरं शेजारच्या टीव्हीपुढे दाटीवाटीने बसली होती. शाळा सोडून टीव्ही! शाळेच्या रस्त्यावर तर दहाला दहा मिनिटं कमी असूनही एक दप्तर दिसत नव्हतं. 'हीच ह्यांची शिस्त,' तो मनात म्हणाला आणि ते भाषणात घालायचं ठरवलं.

"पप्पा, आज रविवार हाय," कपिल पुढून म्हणाला.

"गप. मी घरात असलो की रविवार न्हवं. किती डाव सांगायचं? आज सोमवार. म्हण, सोमवार."

"पण आज—"

"म्हण!"

"सोमवार," कपिल शिंकून म्हणाला.

शाळेचं फाटक बंद होतं. फाटकावर एक धोतर वाळत घातलं होतं आणि आत नळाखाली शिपाई नाथाजी साबण लावून अंघोळ करत होता. बुद्धभूषणने फाटक गदागदा हलवलं.

"उघडा! शाळंच्या टायमाला अंगुळ करताय?"

नाथाजीने डोळ्यावरचा फेस पुसला. "कोन पायजे?"

"बाई पायजेत. सोमवारी दहाला बोलवलंय."

"मग सोमवारी या की."

"मग आज काय हाय?"

नाथाजीने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग त्याची नजर खाली ओल्या गणवेशातल्या पोराकडे गेली. "बाळा, आज वार कुठला रं?"

कपिलने एकदा बापाकडे पाहिलं. "रविवार," तो हळूच म्हणाला.

"हुशार हाय पोरगा," नाथाजी म्हणाला आणि त्याने डोक्यावर तांब्या ओतला.

हंबीररावांचं उरलेलं बोलणं बुद्धभूषणला तिथे, त्या फाटकापाशी आठवलं. सोमवारी यायचं. म्हणजे उद्या दहा वाजता तो बाईंसमोर नव्हे, लेथसमोर उभा असणार होता. इतक्या दिवसांचं घोटलेलं भाषण घशाशीच राहिलं. घरी आल्यावर त्याने आम्रपालीवर डोळे वटारले. "तू सांगितलं का न्हाईस?"

"तीनदा तोंड उघडलं मी," ती म्हणाली. "मोजा हवं तर."

सोमवारी कपिलला घेऊन तीच गेली. बुद्धभूषणने दिवसभरात दोन भाग बिघडवले, जे अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं, आणि सुटल्या सुटल्या लुना अशी हाणली की दारात येऊनच थांबला.

"काय झालं? ढकलला का मागं?"

"दम खावा जरा. मोठ्या गटातच बसवत्यात."

बुद्धभूषण मटकन उंबऱ्यावर बसला. "म्हंजी सांगितलं त्यानं?"

"बाराच्या बारा म्हैने सांगितलं. मी शिवता शिवता घेतलं हुतं त्याच्याकडनं रोज, तुमी भाषण पाठ करत हुता तवा. मग बाईंनी वार इचारला. म्हणला, सोमवार. बाई म्हणल्या, कशावरनं? तर म्हणतोय, काल रविवार हुता, पप्पा मला शाळंत घिऊन आलते, तवा शाळा बंद हुती."

"हे सांगितलं?"

"सगळं. नाथाजीच्या अंगुळीसकट. बाईंनी पदर लावला तोंडाला."

"आन् ऋतू?"

"उन्हाळा सांगलीत, हिवाळा पाचगणीत, पावसाळा म्हाबळेश्वरात. बाईंनी इचारलं, हे कुणी शिकवलं? ह्यानं तुमचं नाव सांगितलं. मग बाई म्हणल्या, पोराचं काय न्हाई, पोरगा चांगला हाय. येत्या सोमवारी पप्पांनाच लावून द्या."

"मला?" बुद्धभूषण ताडकन उठला. "मला कशाला? मी काय त्यांच्या वर्गात हाय? त्यांनी समजून काय ऱ्हायलंय मला?" तो तावातावाने दोन फेऱ्या मारून आला. आक्काताई मान खाली घालून भाकरी थापत होती, पण तिचे खांदे हलत होते. मग तो थांबला, बायकोकडे न बघता पोराजवळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कपिल, येता सोमवार म्हंजी... आजचा सोडून, व्हय ना?"

कपिलने पाटी बाजूला ठेवली आणि बोटं उघडली. "उद्या मंगळवार. मग बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, मग सोमवार." त्याने दोन्ही हातांची सात बोटं बापाच्या नाकासमोर धरली. "आजून लय दिवस हायती, पप्पा. तुमी मोजत बसू नगा. मी सांगीन, तवा निघा."