कारण विचारणारे दामले

माझ्या बायकोच्या पुरणपोळीला तोंडावर "शून्य!" म्हणणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. तोही दुसरी पोळी वाढून घेताना. बँकेने माझी बदली कलकत्त्याला केली तेव्हाची गोष्ट. बेहाला नावाच्या भागात घर मिळालं आणि नेमका वरच्या मजल्यावर मराठी शेजारी निघाला, म्हणून सुमतीने हौसेने पुरण घातलं होतं. आणि पाहुणा पोळीवर तूप ओढून घेत म्हणतो, शून्य! मग त्याने कटाची आमटी भुरकली, जरा विचार केला आणि म्हणाला, "हिला मात्र चार."

सुमतीला वाटलं, चला, आमटी तरी बरी झाली.

"काकू, शून्य म्हणजे सगळ्यात छान," त्यांची मुलगी शुभा घाईघाईने म्हणाली. "चार म्हणजे मीठ थोडं कमी आहे. बाबा घरीपण असंच बोलतात."

हे दामले. एस्प्लनेडजवळच्या एका कचेरीत कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला होते. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे एक अख्खी थंडगार खोली असायची आणि आमच्यासारख्यांना तिच्या दारावरची पाटीच तेवढी दिसायची. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्राला द्यायचा, काम संपलं की ते कागदाच्या शेवटी एक आकडा छापणार. शून्य म्हणजे काम झालं. चार म्हणजे झालं, पण यंत्राची काहीतरी कुरकुर आहे. आठ म्हणजे झाल्यासारखं दिसतंय, भरवसा ठेवू नका. बारा म्हणजे झालेलं नाही. आणि सोळा म्हणजे हात जोडा आणि पुढचं काही करूच नका.

"पण आकडा म्हणजे नुसता ताप, परांजपे," दामले मला बजावायचे. "थर्मामीटर रोग सांगत नाही. कारण वर कुठेतरी छापलेलं असतं. आणि शेवटची चूक वाचायची नाही, पहिली शोधायची. बाकीच्या तिच्या लेकी-सुना!"

त्यांचा खरा राग होता तो न वाचता तेच काम पुन्हा यंत्राला घालणाऱ्यांवर. "पुन्हा लावून बघू म्हणतात! अरे, ते यंत्र आहे. सासूबाई आहेत का, दुसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणायला?"

हा राग कचेरीत ठेवून घरी आले असते तर प्रश्न नव्हता. एकदा आमचा रेडिओ बंद पडला म्हणून मी रिवाजाप्रमाणे त्याला वरून एक थाप मारली. दामले जिन्यातून ओरडत आले. "थांबा! बंद पडण्यापूर्वी तो काय करत होता? खरखरत होता की एकदम गप्प झाला?" जणू घरात कुणी आजारी होतं. रात्रीच्या जेवणाच्या वेळी वीज गेली की सगळं बेहाला मेणबत्ती शोधायचं, हे गॅलरीत जाऊन समोरच्या घरांत दिवे आहेत का ते बघायचे. नसले तर निराश होऊन आत येत. असले तर आनंदाने टाळी वाजवत, "आपलाच फ्यूज! आपलाच!"

एका संध्याकाळी आम्ही दोघं एस्प्लनेडहून ट्रॅमने घरी येत होतो आणि ट्रॅम मध्येच थांबली. दामल्यांनी कंडक्टरला कारण विचारलं. तो म्हणाला, "के जाने, दादा!" कोण जाणे, या उत्तराइतका दामल्यांचा दुसरा शत्रू नव्हता. ते तडक उतरले आणि रुळांच्या कडेने पुढे चालू लागले. पाचेक मिनिटांनी ट्रॅम सुटली. मी घरी येऊन, चहा पिऊन, पेपर वाचून संपवला तेव्हा दामले घामाघूम होऊन पायी आले. चेहऱ्यावर मात्र समाधान. "पुढे एका ठेल्याचं चाक रुळात अडकलं होतं," ते म्हणाले. "तुम्हाला कळलंच नसेल!"

असा माणूस मुलीचं लग्न जमवायला निघाला, तेव्हा काय होणार?

शुभाची आई ती शाळेत असतानाच गेली होती. मुलीला दामल्यांनी एकट्याने वाढवलं. ती कलकत्त्यातच जन्मलेली, एका शाळेत शिकवायची, हुशार आणि हसतमुख. मराठी बोलताना मध्येच बंगाली वळणाने "मी चहा खाते" म्हणायची, एवढंच. तिच्यासाठी पहिलं स्थळ आलं. पोहे झाले, चहा झाला आणि आठवड्याने कार्ड आलं : पत्रिका जुळत नाही.

आपल्याकडे या वाक्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. दामल्यांना कळेना. "अहो, पत्रिका जुळली म्हणून तर बघायला आले! पहिली पायरी पार झाल्याशिवाय यंत्र दुसरी सुरूच करत नाही. मग तिसऱ्या पायरीला पडलात तर पहिलीचं कारण कसं देता?" असं त्यांनी मुलाच्या वडिलांना सविस्तर कळवलं. खरं कारण मागितलं, राग नाही असंही लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या स्थळाचीही पत्रिका बघून गेल्यावरच बिघडली.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?" दामले आमच्याकडे येऊन चिडून म्हणाले. "मुलगी सावळी आहे म्हणा. हुंडा नाही म्हणा. कारण कळलं तर माणूस दुरुस्ती करेल!" चिडले होते खरे, पण चहा तसाच राहिला. मुलगी आपल्या चुकीने घरी राहील की काय, ही भीती त्यांना आतून खात होती.

कारण मला कळलं. त्या दुसऱ्या मुलाचे मामा आमच्याच बँकेत निघाले. "मुलगी लाखात एक हो," ते म्हणाले. "पण बाप! आमच्या भाच्याने दोन नोकऱ्या बदलल्यात. त्याला पोहे खाता खाता म्हणतात, पहिली का सोडली तिथपासून सांगा, दुसरीची कारणं पहिलीत असतात. ताई घाबरलीच. असला व्याही रोज कोण सांभाळणार?"

सांगावं की न सांगावं, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी सुमती म्हणाली, "जन्मभर जे मागतायत ते त्यांना आपणही द्यायचं नाही का?" मग मी वर जाऊन सांगितलं. शक्य तितकं मऊ करून सांगितलं, पण असली गोष्ट मऊ होत नाही.

दामल्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मीच." आणि थोड्या वेळाने, "स्पष्ट सांगितलंत, बरं केलंत. हे दुरुस्त करता येईल."

दुरुस्ती अशी ठरली की पुढच्या वेळी त्यांनी बोलायचंच नाही. सुमतीने त्यांना तालीम दिली. बोलायला तीन वाक्यांची परवानगी होती : "हो का?", "वा वा!" आणि "उकाडा फार आहे." दामले जिन्यात भेटले तरी सराव करायचे. मी म्हणालो, आज बँकेत तिजोरीची किल्लीच हरवली. त्यांचे डोळे लकाकले, ओठ हलले, गळ्याची शीर तटतटली, आणि मोठ्या कष्टाने ते म्हणाले, "हो का?"

नागपूरची मंडळी आली ती एका रविवारी दुपारी. मुलगा इंजिनिअर, सोबत आईवडील. आम्ही दोघं घरचे म्हणून हजर. दामले इस्त्रीच्या सदऱ्यात खुर्चीच्या कडेवर बसले होते. मुलाचे वडील म्हणाले, येताना गाडी पाच तास उशिरा आली. मी श्वास रोखला. दामल्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "वा वा!"

मुलाची आई चमकून बघू लागली. मुलाने बाजू सावरायला विचारलं, "आपण कॉम्प्युटरवर काम करता ना? काय काम असतं?" ज्या प्रश्नाची त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली तो प्रश्न आला होता. दामल्यांनी सुमतीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "असंच आपलं, काहीतरी."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. एवढ्या उत्साही माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून बुजगावणं करून ठेवलं होतं.

शुभाने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. ती बसली नाही.

"काका, एक सांगू?" ती मुलाच्या वडिलांना म्हणाली. "बाबा आज मुद्दाम चूप बसलेत. मागच्या लोकांनी त्यांच्यामुळे नाही म्हटलं. मला कुणी सांगितलं नाही, पण घर लहान आहे, ऐकू येतं. माझे बाबा असे नाहीत. ते खूप बोलतात, खूप विचारतात. माझा ताप का आला, माझी मैत्रीण का रुसली, मी का रडते, सगळं पहिल्यापासून विचारायचे आणि सगळं ऐकायचे. मला आई नव्हती, पण मला कधी एकटं वाटलं नाही. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर म्हणा. पण त्यांना बोलताना ऐकून म्हणा."

दामले आपल्या मुलीकडे असे बघत होते, जणू ती आत्ताच कुठून तरी आली आहे.

मुलगा पहिल्यांदा हसला. चहाचा कप घेऊन तो उठला आणि दामल्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. "गाडी का उशिरा आली ते मी गार्डला विचारलं होतं," तो म्हणाला. "त्याला माहीत नव्हतं."

"मग इंजिन ड्रायव्हरला विचारायचं!" दामले ओरडले. आणि मग ते जे सुरू झाले ते संध्याकाळपर्यंत.

मंडळी उठली तेव्हा नेहमीप्रमाणे "कळवतो" म्हणाली. त्यांना निरोप देऊन मी परत वर आलो तर दामले गॅलरीत पाठमोरे उभे होते. मला वाटलं, आता विचारतील, काय वाटतं परांजपे, हो म्हणतील का? पण त्यांनी ते विचारलंच नाही. माझ्याकडे वळले, तेव्हा डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"परांजपे," ते म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटत होतं, या पोरीला माझी लाज वाटते. सगळ्यांना सगळं विचारलं हो. तिला हे विचारायचा धीर झाला नाही."