फुलाबाईसाहेबांनी शिकरणीवर विहीणबाई जिंकिल्या त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके अठराशे पंचाहत्तर, विजयनाम संवत्सरे, अधिक वैशाख मासी, म्हणजे रयत ज्यास धोंड्याचा महिना म्हणते ते समयी, बारामती परगणियात कालव्याकाठी जे तुंबळ घडले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. जेथे पाहिले नाही तेथे याहून चांगले लिहितो.

राजश्री आप्पासाहेब, केळीबागेचे खावंद, गुऱ्हाळाचे मालिक, यांची कन्या चिरंजीव विजयमाला मागले साली इंदापूर परगणियात मौजे अंथुर्णे येथे सर्जेरावांस दिली होती, आणि तेव्हापासोन विहीण दगडाबाईसाहेब यांनी तीस माहेरी एक रात्रदेखील सोडिली नव्हती. आता धोंड्याचे जेवण जावयास घालणे हा कुळाचार, मग दगडाबाईसाहेबांचे फर्मान आले की, आपण जातीने येऊ, आणि जेवून उन्हे कलताच सुनेसुद्धा गाडी माघारी फिरेल. सबब फुलाबाईसाहेब, विजयमालेच्या मातोश्री, यांनी मुदपाकखान्यात खलबत केले की, आधी विहीणबाईंची जीभ सर करावी, आणि मग लेकीसाठी आठ दिवस मागून घ्यावे. हत्यार नेमिले केळ्याची शिकरण. मसलत सोपी: दूध, केळी, साखर, वेलदोडा.

मग सूर्योदयी कूच जाहले. केळी इतकी उतरली की ओसरीत माणसे दिसेनात, आणि दुधास जी काहील चढविली तीत म्हैस सुखे पोहती. आप्पासाहेबांच्या सत्तर वर्षांच्या चुलती गोजरबाई सोलण्याच्या मोर्चावर बसल्या. तो आप्पासाहेब नवा रेशमी फेटा बांधोन दाखल जाहले, आणि साखरेचा डबा पाहोन त्यांचा क्रोध गगनी मावेना.

"इकतची साखर? ह्या घरात? आपल्या गुळापुढं सोनं फिकं पडतंय!"

"अवो, गुळानं दूध नासंल की," फुलाबाईसाहेब वदल्या.

"आपला गूळ हाय त्यो. दुधाची बिशाद न्हाय नासायची!"

ऐसे म्हणोन स्वहस्ते गुळाची अख्खी ढेप ऊन दुधात लोटिली. मग दुधाने पळभर विचार केला, आणि फितूर जाहले. पाणी एकीकडे, गाठी चहूकडे, आणि आप्पासाहेब मध्ये उभे, जैसा उसात वाट चुकलेला रेडा. इतक्यात म्हस्कू गडी खबर घेऊन आला की, पाहुण्यांची गाडी कालव्याच्या पुलावर आली.

"आता इहिणीला काय, काहील चाटाया देतूस व्हय रं आप्पा?" गोजरबाईंनी तोफ डागिली.

फुलाबाईसाहेब यांनी चहूकडे नजर फेकिली, आणि ती नवऱ्याच्या मस्तकी ठरली.

"फेटा उतरा."

"आगं, पाव्हनं दारात! बोडक्यानं सामोरं जाऊ?"

"मग लेक जाऊ द्या सांजच्याला, तशीच!"

आप्पासाहेबांनी फेटा उतरिला. मग तो पसरोन त्यात नासके दूध ओतिले, एक टोक म्हस्कूने धरिले, दुसरे खुद्द मालिकांनी, आणि ऐसा पीळ दिधला की गोड पाण्याचा लोट मागील दाराने कालव्यात गेला, आणि त्या साली इंदापुरापावेतो लोकांचा ऊस दुप्पट गोड जाहला म्हणतात. फेट्यात उरला मऊ गोळा. तो फुलाबाईसाहेबांनी हातांनी मळिला, त्यात केळी कापोन घातली, वर तूप आणि वेलदोडा, आणि आप्पासाहेब पंचा गुंडाळोन पाहुण्यांस सामोरे गेले.

पंगत बैसली. दगडाबाईसाहेब यांनी वाटीत पाहोन नाक मुरडिले, आणि एक घास घेतला, आणि डोळे मिटिले, आणि वाटी पुढे केली, आणि पुन्हा केली, आणि सातवे वाटीस मांडी ठोकोन बैसल्या.

"इहीणबाई, ही कसली वो शिकरण?"

"खापरपणजीची हाय," फुलाबाईसाहेब पापणी न हलविता बोलिल्या. "सांगून न्हाय येत. हाताखाली बसावं लागतंय."

तत्क्षणी दगडाबाईसाहेबांचा हुकूम सुटला की, सुनेने येथे आठ दिवस राहोन ही विद्या हस्तगत करावी, मगच अंथुर्ण्याचा उंबरा ओलांडावा. आप्पासाहेब हर्षे ओरडणार, तो गोजरबाईंनी त्यांस कोपराने ढोसिले. फुलाबाईसाहेब यांनी मात्र चेहरा चिंताक्रांत केला.

"आठ दिसात निस्ती केळी सोलून व्हत्याल वो. पंधरा तरी पायजेत."

"घ्या पंधरा! पर शिकून धाडा."

येणेप्रमाणे तह ठरला, आणि तिसरे प्रहरी गाडी एक माणूस कमी घेऊन पुलापार जाहली. आठ मागो गेले, पंधरा दिवसांचा मुलूख काबीज जाहला, फत्ते जाहली, आणि दुसरे दिवशी विद्याभ्यासाचा मुहूर्त असता चिरंजीव विजयमाला दोन प्रहरपावेतो निजून राहिल्या. कोणी उठविले नाही.